काठोकाठ भरलेलं पेन

९ जून

तीर्थरूप अण्णांना माझ्या स्वतःच्या टेबलावरून नमस्कार!

बघा, पहिल्याच ओळीत मिरवून घेतलं. सुखरूप पोचले. खोली मिळाली, तीत आम्ही तिघी आहोत आणि आरसा एकच आहे, त्यामुळे सकाळी जरा लढाई होते. सोमवारी विमा कंपनीत कामावर रुजू झाले.

हा वर पडलेला डाग माझा नव्हे हं, तुम्ही घडवलेल्या पेनाचा. 'रुजू'वर नेमका टपकला. टिपकागदाने टिपला तरी तळहाताएवढा झालाच. निघताना तुम्ही पेन हातात देऊन म्हणालात ना, की दुसऱ्या कशाने पत्र लिहायचं नाही, अक्षरावरून मला पेनाची तब्येत कळते? घ्या मग, कळवली तब्येत.

टेबल खिडकीशी आहे. त्यावर हिरवं रेक्झिन, आणि एका कोपऱ्यात कुणीतरी ब्लेडने आपलं आद्याक्षर कोरून ठेवलंय. उजव्या हाताला दोन खण, वरचा ओढताना कण्हतो. डोक्यावर पंखा. अर्ज येतात, ते तपासायचे आणि चुकलेले बाजूला काढायचे. बसून काम, हात स्वच्छ. तुम्हाला हवं होतं अगदी तसं.

तुम्ही म्हणाला होतात, "आता आपल्या घरच्या कामाच्या टेबलाकडे वळून बघायचं नाही." नाही बघत. पण झोपेत लेथचा आवाज येतो, त्याला मी काय करू? आत्याला सांगा, जेवण बरं आहे.

तुमची,
चिंगी

---

१७ जून

चिंगे, तुला आशीर्वाद आणि त्या पेनाला एक चापट.

तुझं पत्र आधी आत्याने वाचलं, मग गल्लीने, मग मी. शेजारच्या घड्याळवाल्याकडे तर ती दोनदा जाऊन आली. आमच्या पोरीला दोन खणांचं टेबल आहे ही बातमी आता घड्याळ दुरुस्तीला येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक झालीय. मी खोटं कशाला बोलू, मलाही छाती फुगल्यासारखं झालं. पस्तीस वर्षं मी काळ्या नखांनी जेवलो. तू तशी जेवणार नाहीस.

पण मी पत्रापेक्षा डाग जास्त वेळ वाचला. तुला हे सगळं पाठ आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण लिहिताना माझाच विचार सरळ होतो.

शाई आपल्या मनाने खाली येत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड येत नाही, हवेसाठी समोर दुसरं पाडावं लागतं. पेनात दुसरं भोक नसतं. निबेखालच्या जिभेला जी एक चर असते, तीतूनच शाई खाली येते आणि तीतूनच हवा वर जाते. निबेने कागदाला थोडी शाई दिली की तेवढी हवा वर नळीत शिरते, आणि ती शिरली की तेवढीच शाई उतरते. हवेला वाट मिळाली नाही तर पेन कोरडं पडतं, फार मिळाली तर ओकतं. आणि जिभेच्या अंगावर आपण जे बारीक दाते कापतो, ते चुकून जास्त उतरलेली शाई धरून ठेवायला. त्यांनी धरली तोवर डाग नाही.

आता तुझा डाग. निब सरकली असती तर रेघ जाड झाली असती, तुझी बारीक आणि सारखी आहे. आट्यांतून हवा शिरत असती तर ठिबकत राहिलं असतं. तुझा डाग एकच, भला मोठा, आणि मग पेन गप्प. असा डाग पडतो तो निम्म्याहून रिकाम्या पेनाला, तेही अंगाशी तापलेलं असेल तर. नळीत शाई कमी म्हणजे हवा जास्त. ती हवा तापून फुगते आणि खालच्या शाईला ढकलून देते. दिवसभर खिशात पेन घेऊन फिरणाऱ्यांची ती तक्रार, कंडक्टर नाहीतर फिरते विक्रेते. तुझं पेन पंख्याखाली टेबलावर असतं. तेव्हा ते नव्हे.

म्हणजे उरलो मी. दाते उथळ कापले गेले असणार. नवी जीभ कापून सोबत कापसात गुंडाळून पाठवतोय. उंटावरून शेळ्या हाकतोय खरा, पण तुझ्यासारखी शेळी असल्यावर चिंता नाही. बसवता येईल ना? की साहेबीणबाई विसरल्या?

अण्णा

---

२ जुलै

अण्णांना नमस्कार.

विसरले म्हणे! खोलीतल्या दोघी चहाचं पाणी कधी उकळतं म्हणून बघत होत्या, मी त्यातलंच वाटीभर घेतलं. जीभ आणि निब एकत्र धरून त्यात बुडवली, मनात वीस मोजले, आणि अंगठ्याने दाबून धरली. कडक रबर मऊ होऊन निबेला चिकटताना बोटाला जे कळतं ना, ते मला इतक्या दिवसांनी कळलं. उजेडाकडे धरून बघितलं, मधे केसभरही फट नाही. दोघी म्हणाल्या, "हे कुठे शिकलीस?" मी म्हटलं, आमच्या घरी पोरींना भातुकलीऐवजी निबा देतात. खूप हसलो. मग उगीचच रडायला आलं, तेव्हा तोंड धुऊन आले.

पण अण्णा, डाग पडलाच. हा बघा, खाली. काल टाकलेले तीन-चार थेंब होते आत आणि आधी पाकिटाचा पत्ता लिहायला घेतला तेवढ्यात या कागदावर पडला. तुम्ही जिभेला दोष देऊ नका. दोन्ही जिभा चांगल्या आहेत. मी पेन थोडंसंच भरते, जास्त भरलं आणि कुठे सांडलं तर पंचाईत व्हायची म्हणून. त्यानेच होत असेल. माझाच वेंधळेपणा. तुमच्या हाताला काही झालेलं नाही, हे माझं ऐका.

कामाचं ठीक चाललंय. इथे फार उकडतं. म्हणजे बाहेर. आत पंखा आहेच.

चिंगी

---

१२ जुलै

चिंगे,

तू वेंधळी? ज्या पोरीने नवव्या वर्षी निबेचं टोक घासताना एकही निब वाया घालवली नाही, ती? मला शेंड्या लावू नकोस. नुसतं कमी भरल्याने डाग पडत नाही, ऊबही लागते, हे मागेच लिहिलं होतं. तू बापाची लाज राखायला बघतेयस एवढं मला कळतं. मनाला बरंही वाटलं आणि वाईटही.

एक जीभ चुकली तर चूक म्हणेन. दुसरीही चुकली म्हणजे हातच गेला. दुसरीसाठी मी दोन दिवस बसलो होतो, चार कापल्या आणि त्यांतली बरी ती तुला पाठवली. डोळ्यांना चर सरळ दिसत होती. आता डोळ्यांवर तरी काय विश्वास ठेवायचा? गिऱ्हाइकांच्या पेनांतही हेच होत असेल, ते बिचारे भिडेपोटी बोलत नसतील. गेल्या आठवड्यापासून नवीन काम घेतलेलं नाही. आत्याला सांगितलं, कंबर दुखते.

आता मुद्द्याचं. घड्याळवाल्याच्या जावयाला लेथ हवाय. तो किल्ल्या बनवायचं दुकान टाकतोय, दुसऱ्या गावी. टेबल, शिकंजा, कानशी, सगळंच उचलतो म्हणतो. महिनाअखेर निघणार आहे.

तुला विचारल्याशिवाय देणार नाही. या टेबलाखाली तू रांगलीस, पुढे त्यावर बसलीस, आणि बारावीनंतर "मी इथेच काम करणार" म्हणून जेवायची थांबलीस. मीच तुला हाकललं. रबराची धूळ माझ्या छातीत किती साठलीय ते मला रोज पहाटे खोकताना कळतं, ती तुझ्या छातीत जाऊ द्यायची नव्हती. पण तुझ्या मनात अजून या टेबलाचं असेल, तर ते ठेवीन. खोलीत अडगळ होईल, होऊ दे. आत्या कटकट करील, ती तशीही करते. आणि तू तिथे खरंच सुखात असशील, तर देऊन टाकतो, म्हणजे मलाही रोज त्याच्याकडे बघत बसायला नको.

मोठं पत्र नको. 'ठेवा' की 'द्या', एवढं कळव.

अण्णा

---

२१ जुलै

अण्णांना नमस्कार.

द्या.

मी इथे खरंच सुखात आहे. परवा साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. त्या टेबलाची आता मला गरज नाही, आणि तुमच्या छातीलाही नाही. जावई चांगला असेल तर त्याला कानशींना तेल लावायला तेवढं सांगा. लहान त्रिकोणी कानस उजवीकडूनच चालते, डावीकडून बोथट आहे, हेही सांगा.

बघा, या पत्रात एकही डाग नाही. तुमची जीभ उत्तम चाललीय. क्लिप थोडी सैल झालीय, एवढंच.

आत्याला नमस्कार.

चिंगी

---

११ ऑगस्ट

चिंगे,

नेलं. चौघांनी उचललं तेव्हा दारात अडकलं, कारण मी ते खोलीतच जोडलं होतं, तेव्हा दार कुणाच्या ध्यानात होतं? शेवटी पाय काढले. जमिनीवर चार पांढरे चौकोन राहिलेत. आत्याने तीनदा पुसलं, जात नाहीत. मी म्हटलं, असू देत, पाहुण्यांना वाटेल नक्षी आहे.

कानशीचं सांगितलं. जावई म्हणाला, "किल्लीला सगळ्या चालतात." तो लेथची काम पेलणारी घोडी बदलणार आहे म्हणे, आपली फार बारीक कामाची आहे.

तुझं पत्र किती वेळा बघितलं ते सांगत नाही. आजवरच्या पत्रांत तेवढं एकच स्वच्छ, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत रेघ एकसारखी. 'द्या' तर असं लिहिलंयस की छापल्यासारखं. मी आत्याला म्हटलं, बघ, मन थाऱ्यावर असलं की हात असा चालतो. पोर सुखात आहे.

सुटे चिमटे आणि भिंग मी लपवून ठेवलं होतं. क्लिप सैल झालीय म्हणतेस, तर पेन पाठव. जुनी जीभ असेल तर तीही टाक. शेवटचं काम तुझ्या पेनाचं करतो आणि मग दुकान बंद.

अण्णा

---

२४ ऑगस्ट

अण्णा,

पेन पाठवतेय, डबीत जुनी जीभ. पेन धुतलंय. हे बॉलपेनने लिहितेय, रागावू नका. घाई नाही, सावकाश करा.

चिंगी

---

३ सप्टेंबर

चिंगे,

तुझं पेन काल आलं. आत्या देवळात गेली होती, तेव्हा दार लावून खिडकीशी उघडलं.

आधी क्लिप बघितली. ती सैल नाही झाली, फाकलीय. नेहमीच्या कागदाला किंवा सदऱ्याच्या खिशाला अशी फाकत नाही. जाड कापडावर, घडीवर घडी असलेल्या, रोज अडकवली तर फाकते. खालच्या बाजूला पांढरं काही घट्ट बसलं होतं, नखाने काढून चाखून बघितलं. कपड्यांची खळ.

मग टोपण. बाहेरून लख्ख. आत चिमटा घातला तर तळाशी सुताचे तंतू निघाले. पांढरे, दाबून बसलेले, बोरासारखी गोळी होईल एवढे. टेबलावरच्या पेनात सूत कुठून येणार, चिंगे?

मग मी दोन्ही जिभा घेतल्या आणि घड्याळवाल्याकडे जाऊन त्याचं मोठं भिंग मागितलं. दाते मोजले, खोली बघितली. पहिली जीभ बिनचूक होती. दुसरी तर तिच्याहून सरस. पस्तीस वर्षांत मी इतकी चांगली जीभ कापली नसेन. घड्याळवाला म्हणाला, "काय झालं हो, बसा." मी बसलो.

म्हणजे डाग त्याच कारणाने पडत होता, जे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं आणि पुढच्याच वाक्यात खोडलं. निम्म्याहून रिकामं पेन आणि अंगाची ऊब. खिशातलं पेन. तुझं पेन मला तीन महिने खरं सांगत होतं आणि मी तुझ्या टेबलाचं खरं मानत बसलो. पेनाची तब्येत कळते म्हणून मीच फुशारकी मारली होती ना! तुझी नाही कळली.

ते खिडकीजवळचं टेबल नाहीच ना? तू कुठे आहेस, कसलं काम करतेस ते मी विचारत नाही, खळीवरून आणि सुतावरून अंदाज आलाय. कष्टाचं काम आहे, त्यात लाज कसली? लाजायचं मी. टेबलखुर्ची, टेबलखुर्ची करून तुझ्या कानाशी मीच घोशा लावला होता, तर तू दुसरं काय लिहिणार होतीस? ते पत्र गल्लीभर फिरलं, मग तुला मागेही फिरता येईना. आत्यालाही रागावणार होतो, पण मी काय कमी फुगलो होतो?

काल संध्याकाळीच घड्याळवाल्याने जावयाला फोन लावला. लेथची घोडी त्याने विकून टाकलीय, दुसरी बसवली. टेबलाची फळी मधून कापून दोन काउंटर केले. कानशींचं विचारायचं धाडस मला झालं नाही. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. हात होता, टेबल दिलं. ये म्हणून लिहिणार होतो. पण तुला बसवू कशावर, चिंगे?

क्लिप दाबून दिलीय. पेन परत पाठवतोय, चांगली जीभ लावून. पहिली माझ्याजवळ ठेवतो.

फक्त एक समजत नाही. आधीच्या पत्रांवर डाग आणि त्या एका पत्रावर नाही. ते स्वच्छ होतं म्हणून मी ते खरं धरलं. ते एक तरी खरं होतं का?

अण्णा

---

१२ सप्टेंबर

अण्णा, इस्त्रीच्या टेबलावरून नमस्कार. हे टेबल मात्र खरं आहे. खूप मोठं आहे, दहा चादरी आडव्या मावतील.

विमा कंपनीत मी सोमवारी गेले होते, ते खोटं नव्हतं. ती जागा आदल्या आठवड्यातच भरली होती, कारकुनाने दारातच सांगितलं. दार उघडं होतं तेव्हा आतलं टेबल दिसलं. खिडकीजवळचं, हिरव्या रेक्झिनचं. एक बाई खण ओढत होती आणि तो कण्हत होता. मी ते तसंच्या तसं उचललं आणि तुम्हाला लिहिलं. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळेल, मग हळूच टेबल बदललं म्हणून कळवू, असं ठरवलं होतं. मिळाली नाही.

इथे हॉटेलांच्या चादरी येतात. दिवसभर वाफ. पेन एप्रनच्या खिशात असतं, कारण खोलीत ठेवलं तर हरवेल अशी भीती वाटते, तुमच्या हातची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे. आणि भरलेलं पेन चादरीवर ओकलं तर काम जाईल म्हणून तीन-चार थेंबच भरायची. तुमचं पत्र आलं तेव्हा कळलं की त्यानेच ते ओकतंय. हसू आलं. तुमची मुलगी, आणि ही चूक! सांगावंसं वाटलं, पण मग खिसा सांगावा लागला असता, आणि खिसा सांगितला की एप्रन.

टोपण आतून पुसायचं मी विसरले नव्हते, अण्णा. सूत दिसलं होतं मला. तसंच ठेवलं. पण तोवर टेबल गेलेलं होतं. महिनाभर आधी एवढी हिंमत झाली असती तर? 'ठेवा' लिहायचं होतं. दोनच अक्षरांचा शब्द होता तो. पण 'ठेवा' लिहिलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, का? आणि तुम्हाला वाटत होतं की हात गेला, ते मी एका ओळीत खोडून काढू शकत होते. नाही काढलं. तुम्हाला माझ्या टेबलाचं इतकं सुख झालं होतं.

येऊ का, असं मी विचारत नाही. दिवाणावर बसूनही निबा घासता येतात, आणि चिमटे आहेत, भिंग आहे. पण तुम्ही बोलवल्याशिवाय येणार नाही, एवढा हक्क मी घालवलाय.

तुम्ही विचारलंत ते पत्र खरं होतं का. नव्हतं. त्या दिवशी सुट्टी होती. पेन रात्रभर माठाशेजारी गार ठेवलं, सकाळी ड्रॉपरने काठोकाठ भरलं, आत हवेला जागाच ठेवली नाही. तुम्हीच शिकवलं होतंत की असं भरलेलं पेन ओकत नाही. मग 'द्या' लिहिलं.

म्हणून डाग पडला नाही, अण्णा. पडायला हवा होता.

चिंगी